रामकथेचे चित्र आणि पोथीचे पान

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहिली की पुढील नऊ दिवस अनेक घरांतून रामायणाचे वाचन चालते. देवघरातील पोथीचे बासन सोडले जाते, चौरंगावर पोथी मांडली जाते आणि नवमीस माध्यान्ही रामजन्म होऊन सुंठवडा वाटला जातो. या वाचनात चित्राला स्थान असते ते फार तर समोरच्या भिंतीवरील रामपंचायतनाच्या तसबिरीच्या रूपाने. पोथी वाचावयाची आणि तसबिरीला हार घालावयाचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. परंतु रामकथेची आपल्या देशातील कित्येक उत्तमोत्तम चित्रे भिंतीसाठी काढलेलीच नाहीत. ती पोथीच्या पानासाठी काढलेली आहेत, आणि ती पोथीसहच पाहावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मेवाडचे रामायण. उदयपूरचे महाराणा पहिले जगतसिंह यांच्या आज्ञेने या पोथीचे काम सुरू झाले आणि १६४९ ते १६५३ या काळात, म्हणजे त्यांच्या निधनानंतर राजसिंहांच्या कारकिर्दीत, ते पुरे झाले. सिसोदिया घराणे स्वतःस सूर्यवंशी म्हणवीत असल्यामुळे रामचरित्र हा त्यांच्या दृष्टीने कुळाचाच इतिहास होता. वाल्मीकींचा संस्कृत पाठ महात्मा हीरानंद या जैन लेखकाने उतरविला. बालकांड मनोहर याने रंगविले. अयोध्याकांड आणि युद्धकांड साहिबदीन या मुसलमान चित्रकाराने. चित्रांची एकूण संख्या सुमारे ४००. याच साहिबदीनने १६४८ साली रंगविलेली भागवताची पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

साहिबदीनचे युद्धकांडातील एक पान घ्या. इंद्रजिताच्या बाणांचे सर्प झाले आहेत आणि त्या पाशात राम-लक्ष्मण निश्चेष्ट पडले आहेत. वर पुष्पक विमान आहे. त्यात सीता, आणि तिच्यासोबत त्रिजटा. चित्र सुंदर आहे, रंग तेजस्वी आहेत. पण केवळ चित्र पाहणाऱ्याला काय समजेल? दोन वीर पडले आणि एक स्त्री आकाशातून ते पाहत आहे, एवढेच. आता वाल्मीकी उघडावे. पतीचा मृत्यू झाला असे सीतेला पटावे म्हणून रावणाने तिला मुद्दाम रणभूमीवर पाठविले आहे. ती विलाप करते, तेव्हा त्रिजटा तिची समजूत घालते: हे दिव्य विमान विधवेला वाहून नेत नाही, ज्या अर्थी ते तुला घेऊन चालले आहे, त्या अर्थी तुझा पती जिवंत आहे. हे वाचल्यावर डोळे पुन्हा चित्राकडे वळतात आणि आतापर्यंत केवळ वाहन वाटलेले ते विमान रामाच्या जीविताची साक्ष होऊन बसते. रावणाने दुःख देण्यासाठी योजलेल्या साधनातच सीतेचा दिलासा दडलेला आहे. ही गोष्ट रंगाने सांगता येत नाही. श्लोक सांगतो, आणि श्लोक त्या चित्रासोबत त्याच पोथीत आहे.

या चित्रांची दुसरी एक रीत नवख्या माणसास गोंधळात टाकते. एकाच पानावर तीच व्यक्ती दोनदा, तिनदा येते. महालातील एका दालनात दशरथ आनंदात आहे, शेजारच्या दालनात तोच कैकेयीपुढे व्याकूळ झाला आहे. घड्याळाच्या काट्याने कथा मोजण्याची सवय लागलेल्या आपल्याला हा दोष वाटतो. पारायण करणाऱ्याला मात्र तसे वाटण्याचे कारण नाही; सर्ग वाचून संपतो तेव्हा त्यातील सारे प्रसंग त्याच्या मनात एकदमच उभे असतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरील चित्रांचा जो संच पुढे ठेवून रामायणातील आख्याने सांगतात, त्या संचालाही ते पोथीच म्हणतात. चित्र आणि वाचन यांची फारकत आपल्या परंपरेस मान्य नव्हती, याला याहून निराळा पुरावा कशास हवा?

आणि तरीही ही फारकत झाली. मेवाड रामायणाचे चार खंड महाराणा भीमसिंहांनी कर्नल टॉड यास दिले. (इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीस राजाने दिलेली भेट कितपत स्वेच्छेची असते, ते ज्याचे त्याने ठरवावे.) टॉडकडून ते १८२३ साली ड्यूक ऑफ ससेक्सकडे गेले आणि १८४४ साली ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले. बालकांडाचा बराच भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, अरण्यकांड उदयपुरात. म्हणजे रामजन्म मुंबईत आणि रावणवध लंडनमध्ये! २०१४ साली संगणकाच्या साहाय्याने ही विखुरलेली पाने एकत्र दाखविण्यात आली, ही मोठी समाधानाची गोष्ट होय. इतर पोथ्यांचे नशीब याहून वाईट. सुमारे १५२० ते १५४० या काळातील भागवताच्या एका अपूर्व पोथीचे पानन् पान सुटे होऊन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत गेले आहे. व्यापाऱ्याला पोथीपेक्षा सुटी पाने विकणे किफायतशीर पडते. चौकटीत बसविलेले असे पान दिवाणखान्यात टांगले की त्याची पाठ भिंतीकडे होते, आणि पाठीवर अक्षरे असतील तर ती कायमची झाकली जातात.

हा दोष एकट्या व्यापाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. घरातील जुनी हस्तलिखिते जीर्ण झाली की ती नदीत सोडण्याची आपली चाल आहे. तिच्यामागे पोथी पायदळी येऊ नये ही पूज्यभावना आहे, याबद्दल शंका नाही. पण ज्या पोथीपुढे पिढ्यान् पिढ्या दिवा लावला, ती एकदाही जाणत्या माणसाकडून वाचून न घेता प्रवाहात सोडणे यास पूजा म्हणणे कठीण आहे. पुण्यातील भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, आनंदाश्रम यांसारख्या ठिकाणी हस्तलिखिते जतन केली जातात. पोथी परदेशी पाठविण्याचा मोह कोणी घातला, तर ७५ वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

यंदा बासन सुटेल तेव्हा एवढे करता येईल. हस्तलिखित पोथीच्या पानांवर बहुधा समासात आकडे घातलेले असतात. ते क्रमाने लावावेत, कोणते पान नाही त्याची नोंद एका कागदावर करावी, अखेरच्या पानावर लेखकाने आपले नाव, शक आणि गाव लिहिले असल्यास तेही उतरून घ्यावे, आणि तो कागद पोथीसोबत त्याच बासनात बांधून ठेवावा.