विश्लेषण : ‘फायरबॉल’चा मंत्र आला कुठून?

तोंडवलीत काय किंवा मालवण किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावात काय, देवाला गाऱ्हाणे घालायचे तर तीन गोष्टी लागतात : ठरलेल्या लयीतले शब्द, जोडलेले हात आणि पुढे ठेवलेला नारळ-विडा. प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या अमेरिकी खेळातही मंत्राचे तीनच घटक आहेत : उच्चार, हातवारे आणि साहित्य. म्हणून हा खेळ आपल्याकडूनच उचलला, असे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी म्हणेलच. पण या मंत्रांचा खरा उगम वेगळा आहे आणि जास्त मजेशीरही.

तोफेचा झाला मंत्र

१९७१ मध्ये ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आला. छोट्या बाहुल्या मांडून युद्ध खेळायचे, एवढाच त्याचा विषय. त्याच्या कल्पनारम्य पुरवणीत जादूगाराला आगीचा गोळा आणि वीज फेकण्याची मुभा मिळाली. त्यांचा मारा मोजायला दगडफेकी यंत्राचे आणि तोफेचे नियम लावले गेले. म्हणजे प्रसिद्ध ‘फायरबॉल’ मुळात तोफखानाच! १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा हे मंत्र त्यात आले.

पण तोफ वारंवार डागता आली तर इतर खेळाडूंनी करायचे काय? त्यावर गायगॅक्सला उपाय सापडला जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात. तिथला जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात साठवतो आणि एकदा म्हटला की तो मंत्र स्मृतीतून पुसला जातो. खेळाने हाच नियम घेतला. काठ्यांचे साप करणे, पाणी दुभंगवणे हे मंत्र बायबलमधून आले. साहित्याच्या यादीत तर चक्क थट्टा आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, म्हणजे बंदुकीच्या दारूची आठवण. विजेसाठी केसाळ कातडे आणि काचेची कांडी, म्हणजे शाळेतला घर्षणविद्युतेचा प्रयोग. पवित्र, प्राचीन असे त्यात फार काही नाही.

विसरलेला मंत्र कोकणाला नवा नाही

ऐन वेळी मंत्र विसरण्याची गोष्ट मात्र मराठी वाचकाला व्हान्सकडून शिकायला नको. कोकणाची भूमी ज्याने समुद्राकडून मिळवली असे मानतात, त्याच परशुरामाने कर्णाला शाप दिला : गरजेच्या क्षणी अस्त्राचा मंत्र आठवणार नाही. ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) या मालू कवीच्या ग्रंथात तर मच्छिंद्रनाथ थेट कुडाळ प्रांतात येतात. शाबरी मंत्रांना साहाय्य कर, अशी विनंती ते कालिकेला करतात, ती संतापते आणि अस्त्रांची लढाई जुंपते. शेवटी मिटवायला शंकर लागतो. याच ग्रंथात गोरख संजीवनी मंत्र पाठ करता करता मुलांसाठी चिखलाचा पुतळा घडवतो, तो जिवंत होतो आणि गहिनीनाथ जन्माला येतात. गंमत म्हणून केलेल्या पुतळ्याची जबाबदारी नाथांवर येऊन पडते.

खेळ इथे कमी पडतो. टेबलावर विसरलेला मंत्र रात्रभर झोपले की परत मिळतो. कर्णाला तो मिळत नाही, कारण गुरूशी खोटे बोलून शिकलेल्या विद्येची ती किंमत होती. मराठीत असा खेळ रचायचा असेल (रचावाच), तर आगीच्या गोळ्याला ‘अग्न्यस्त्र’ नाव देऊन भागणार नाही. मंत्र कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला आणि अट मोडल्यास काय, हे नियमात यायला हवे. दशावतार रात्रभर पाहिलेल्या पोराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मुलांनी खेळावे का?

अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळाला सैतानी ठरवून बराच गहजब झाला. आपल्याकडे ती भीती आयात करण्याची गरज नाही. फासे टाकून मंत्र म्हणणाऱ्या मुलाला तो खोटा आहे हे पक्के ठाऊक असते. धोका आहे तो मंत्र खरा म्हणून विकणाऱ्यांचा. खेळात विष उतरवणारा मंत्र हमखास चालतो, कोकणातल्या फुरशाच्या दंशावर चालत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. विंचवाच्या विषावर कोकणात उतारा सापडला तो महाडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि मृत्यू झपाट्याने घटले.