भुयारात न पोचलेला आवाज
लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी आग लागली, ३१ माणसं गेली. पुढच्याच वर्षी फेनेल यांच्या चौकशी अहवालाने बजावलं, की रेल्वे पोलीस आणि अग्निशमन दल यांना जमिनीखाली एकमेकांशी बोलता येईल असे वायरलेस द्या. ७ जुलै २००५ला लंडनमधल्या बॉम्बस्फोटांत ५२ निरपराध मारले गेले, तेव्हाही रेल्वे पोलीस सोडले तर आपत्कालीन दलांपैकी कुणाचाच वायरलेस भुयारात चालत नव्हता. खालचा निरोप वर पोचवायला माणसं धावत होती. माझा राग आहे तो या वाया गेलेल्या वर्षांवर. तंत्रज्ञान नव्हतं म्हणावं, तर एका दलाकडे ते होतंच! पुढे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची सामाईक ‘एअरवेव्ह’ यंत्रणा भुयारांत उतरली. आता तिच्या जागी मोबाइलच्या फोरजी जाळ्यावरची यंत्रणा यायची आहे. २०१९ची मुदत केव्हाच टळली. हा उशीर मला तेवढा खुपत नाही. अट एकच: नव्या यंत्रणेत टॉवर बंद पडला तरी दोन जवानांचे संच थेट एकमेकांशी बोलतात का, हे धुरात, तळघरात, त्यांच्याच हाती तपासून होईपर्यंत जुना संच काढून घेऊ नये.