वेलदोडा हातावर ठेवून गप्प बसणं म्हणजे प्रेम नव्हे



आजचा विषय वाचून काहीजणी नाक मुरडतील. मुरडा, विषय नाकाचाच आहे. नवऱ्याच्या तोंडाला वास येत असेल तर त्याला सांगावं की नाही, आणि सांगायचं तर कसं, यावर मी लिहिणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. सांगावं. लवकर सांगावं, दोघंच असताना सांगावं, गोड शब्दांत पण स्पष्ट सांगावं. वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून झोपायचं आणि त्याला सहनशीलता म्हणायचं, यात नवऱ्याचंही भलं नाही आणि धर्माचंही पालन नाही.

यंदा दशलक्षणात बस्तीत दुपारी आम्ही बायका बसलो होतो. वर्षभरापूर्वी लग्न झालेल्या एका मुलीनं चाचरत हाच प्रश्न काढला. लगेच चार वडीलधाऱ्या तुटून पडल्या. ‘सवय होते गं.’ ‘नवऱ्याला असं बोलतात का?’ ‘वेलदोडा देत जा हातावर, कळेल त्याला.’ पोर बिचारी खाली मान घालून बसली. तिला मिळालेला प्रत्येक सल्ला चुकीचा होता, म्हणून आता एकेक घेते.

पहिला गैरसमज आपल्या घरांत फार खोल आहे. ‘आपण कांदा-लसूण खात नाही, आपल्या तोंडाला कसला वास?’ कांदा-लसणाचा वास येतो हे खरं, पण तो एक-दोन दिवसांत जातो. कायमचा वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर पांढरट थर बसतो, दातांच्या फटीत अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. तिथले जंतू अन्नातली आणि लाळेतली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो या वायूंचा. डाळ, दूध, दही खाणाऱ्याच्या तोंडातही हे सगळं होतंच. आहार सात्त्विक आहे म्हणून जीभ आपोआप स्वच्छ होत नाही.

उलट आपल्या व्रतांमुळे आपल्याला जास्तच जपायला हवं. सूर्यास्ताआधी जेवून जे रात्री पाणीही घेत नाहीत, त्यांचं तोंड बारा-तेरा तास कोरडं राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, आणि तोंड धुण्याचं काम तर लाळच करते. म्हणून व्रत सोडा असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की संध्याकाळचं जेवण झाल्यावर, दिवस मावळायच्या आत, दात नीट घासा, फटींतून दोरा फिरवा, जिभली वापरा आणि खळखळून चूळ भरा. आपल्याकडे जेवण लवकर उरकतं, पण दात घासणं सकाळवर ढकललं जातं. मग अडकलेलं अन्न रात्रभर तोंडातच राहतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दात घासण्याचं एवढं कौतुक कशाला? आपले मुनी महाराज तर दातही घासत नाहीत.’ बरोबर आहे. अदंतधावन हा मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक आहे. पण त्याच २८ मध्ये केशलोच आहे, जमिनीवर झोपणं आहे, उभ्यानं दिवसातून एकदाच आहार घेणं आहे. ते सगळं पाळायची तयारी असेल तर अदंतधावनाचं नाव घ्या. तीन वेळा खाऊन, वर चिवडा-चहा करून मुनींचा एकच नियम सोयीनं उचलायचा, हे चालणार नाही. श्रावकाचा धर्म वेगळा आहे. आपण पिठाची मर्यादा पाळतो, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. का? शिळ्यात जीव पडतात म्हणून. मग डब्यातल्या पिठाला जी मर्यादा, ती दाढेत अडकलेल्या भाताच्या शिताला नको का?

दुसरा सल्ला सहन करण्याचा. त्याला शास्त्राची झालर लावतात म्हणून मला जास्त राग येतो. ‘देह अपवित्रच आहे, त्याची किळस करू नये, निर्विचिकित्सा हे सम्यग्दर्शनाचं अंग आहे.’ अगदी मान्य. पण याच अंगासाठी ज्याचं उदाहरण देतात त्या उद्दायन राजानं काय केलं? दुर्गंधी येणाऱ्या मुनींना आहार दिला, त्यांना वांती झाली, ती अंगावर उडाली. राजानं नाक दाबलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं त्यांचं शरीर धुतलं. किळस न करणं याचा अर्थ घाण तशीच ठेवणं नव्हे, जवळ जाऊन ती साफ करायला मदत करणं. तोंड फिरवून झोपणारी किळसच करत असते, फक्त ती बोलून दाखवत नाही.

दुसरं अंग सांगतात उपगूहनाचं. दुसऱ्याचे दोष झाकावेत. तेही मान्य. पण झाकायचे कुणापासून? जगापासून. ज्याचा दोष त्याच्यापासूनच झाकला तर तो सुधारणार कसा? आपल्याकडे मात्र बरोबर उलटं चालतं. नवऱ्याला सांगत नाहीत, पण बहिणीला सांगतात, जावेला सांगतात, मैत्रिणीला हसून सांगतात. साऱ्या भावकीला ठाऊक आणि त्या एका माणसाला पत्ता नाही. याला उपगूहन म्हणायचं की निंदा, तुम्हीच ठरवा. आणि उपगूहनाच्या लगेच पुढे स्थितिकरण सांगितलंय, डळमळणाऱ्याला हात देऊन सावरणं. ते मात्र कुणाला आठवत नाही.

सत्याचंही तसंच. सत्य बोलावं, पण हिताचं, मोजकं आणि गोड असावं, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकलंय. यातला ‘गोड’ तेवढा आपण लक्षात ठेवला आणि ‘हिताचं’ विसरलो.

तिसरा सल्ला वेलदोड्याचा. वेलदोडा, लवंग, बडीशेप यांनी वास काही मिनिटं झाकला जातो, मूळ तसंच राहतं. शिवाय या खुणेतून समोरच्याला काहीच कळत नाही. नवऱ्याला वाटतं, बायको किती प्रेमानं मुखवास देते. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते. दुसऱ्या माणसाचं नाक हाच त्याचा खरा आरसा. घरात ते नाक बायकोचं असतं. ते काम बायकोनं केलं नाही तर करणार कोण? दुकानातलं गिऱ्हाईक सांगणार नाही, ते पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईल.

आता दुटप्पीपणाबद्दल. सुनेच्या केसांना तेलाचा वास आला, घामाचा वास आला, तर आठवडाभरात तिला सुनावलं जातं. तेही चारचौघींत. तिथे सवय होत नाही, तिथे सहनशीलता आठवत नाही. मुलाच्या तोंडाला वास आला तर मात्र सुनेनं गिळून टाकायचं. नाक काय सासूलाच असतं, सुनेला नसतं?

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, पण एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. देणं वहीत लिहिलं नाही म्हणून ते फिटत नाही, व्याज चढतच राहतं. माझ्या नात्यात एका घरी असंच झालं. बाई संकोचानं बोलली नाही, हळूहळू लांब झोपू लागली. नवऱ्याला वाटलं, हिचं आता आपल्यावर मन नाही. तोही तुटक वागू लागला. पुढे दात हलायला लागले तेव्हा दवाखान्यात गेले. हिरड्यांचा आजार हाडापर्यंत पोचला होता. पुढचे सहा दात काढावे लागले. रक्तातली साखरही तेव्हाच कळली. त्या माणसाचं एकच वाक्य मला आठवतं, ‘हिनं एकदा सांगितलं असतं तर!’ दात गेले त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. बायकोनं इतकी वर्षं आपल्याला परकं मानलं, हे त्याला लागलं.

म्हणून वास हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. हिरड्यांतून रक्त येणं, दात हलणं, दातांवर पिवळा कठीण थर असणं, यासोबत वास असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. सायनस, टॉन्सिल यांमुळेही वास येतो. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवली नाही तर वास येणारच. दात साफ करून घेतल्यानं ते हलतात, ही भीती खोटी आहे. थर निघाल्यावर आधीच सैल झालेले दात जाणवतात, एवढंच. आणि मावा-गुटखा? आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर एक दिवसही थांबू नका.

उपवासाचं मात्र वेगळं. उपवासात शरीर चरबी जाळतं, त्याचा एक विशिष्ट वास श्वासात उतरतो. तो घासून पुरता जात नाही, पारणं झाल्यावर जातो. तेव्हा उपवासकरी माणसाला टोकू नका. पण मधुमेही माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. मधुमेह्याच्या श्वासाला नासक्या फळासारखा गोडसर वास येत असेल, सोबत उलट्या आणि धाप असेल, तर थेट दवाखाना गाठा.

आता सांगायचं कसं. वेळ निवडा. जेवताना नको, मुलांसमोर नको, भांडणात तर मुळीच नको. आणि तो जवळ येतो त्या क्षणी नको, तो अपमान माणूस विसरत नाही. फिरायला गेल्यावर किंवा दुपारी निवांत बसल्यावर सांगा. ‘घाण’ हा शब्द वापरू नका. ‘सगळे म्हणतात’ असं तर चुकूनही म्हणू नका. स्वतःच्या नावावर बोला.

आमच्या वयाची असाल तर असं म्हणा, ‘अहो, एक सांगू? रागावू नका. गेले काही दिवस तुमच्या तोंडाला वास येतोय. सकाळीच नाही, दिवसाही येतो. हिरड्यांचं काही असेल. आपलं माणूस म्हणून सांगते. उद्या आपण दोघंही दात दाखवून येऊ.’ दोघंही, हा शब्द महत्त्वाचा. पण आपली दाढ दुखत नसताना दुखते म्हणून सांगू नका, खोट्याची गरजच नाही. वर्षातून एकदा दोघांनी दात दाखवणं एरवीही शहाणपणाचंच.

तरुण मुलींनो, तुम्ही नवऱ्याला नावानं हाक मारता, तुमचं तर आणखी सोपं आहे. ‘ए, माझ्या तोंडाला कधी वास आला तर तू मला सांगशील ना? मग मीही तुला सांगते.’ एवढं बोलणं लग्न ठरल्यावरच झालं तर पुढचा अवघडपणा उरत नाही.

एकदा सांगितलं की रोज टुमणं लावू नका. जिभली आणून बेसिनवर ठेवा, डॉक्टरांची वेळ घ्या, सोबत जा. फरक पडला की तेही आवर्जून सांगा.

आणि हे दोन्ही बाजूंनी आहे. गरोदरपणात आपल्या हिरड्या सुजतात, पाळी गेल्यावर अनेकींचं तोंड कोरडं पडतं. मिश्री लावणाऱ्याही आपल्यात आहेत, ती तंबाखूच आहे. नवऱ्यानं हळूच सांगितलं तर डोळ्यांत पाणी आणून माहेरी फोन लावू नका. ‘तुमचं काय मग?’ म्हणून त्याची यादीही वाचू नका. ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणा आणि आरशासमोर जीभ बाहेर काढून बघा.

त्या चार वडीलधाऱ्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यांचा मान ठेवून म्हणते, आपल्या पिढीनं जे मुकाट सोसलं त्याचा वारसा लेकी-सुनांच्या पदरात घालू नका. सोसणं हे तप तेव्हाच, जेव्हा त्यानं कुणाचं तरी भलं होतं. इथे दोघांचंही नुकसानच होतं. बस्तीतल्या त्या मुलीला मी जाताना बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, ‘आज रात्रीच सांग, पण हसून सांग.’ तुम्हालाही तेच सांगते.

जय जिनेंद्र.