रक्त पातळ करणारी गोळी कुणासाठी?

आमच्या जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतून ‘रक्त पातळ करायची गोळी’ आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. ती ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. कुणाला डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, तर कुणी शेजाऱ्याचे पाहून मेडिकलवरून आणलेली असते. या दोघांत फार मोठा फरक आहे, हे समाजाला सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

ही गोळी रक्तात गुठळी होऊ देत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत, हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाच अ‍ॅस्पिरिन देऊन महिनाभर चालू ठेवल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. म्हणून ज्याला अटॅक येऊन गेला, ज्याला स्टेंट बसविला, त्याने ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये.

परंतु ज्याला असा आजारच नाही, त्याचे काय? २०१८ साली १९,११४ निरोगी वृद्धांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. रोज १०० मिलिग्रॅम घेऊन त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारा मजूर अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतो. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि वरून दारू, म्हणजे पोटात जखम होण्याला आमंत्रणच. शौचास डांबरासारखे काळे झाले तर तात्काळ दवाखाना गाठावा. डेंग्यूच्या तापात ही गोळी घेऊ नये. लहान मुलांना तापात देऊ नये.

आता कायदा पाहू. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘के’नुसार हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात अ‍ॅस्पिरिन घरगुती औषध म्हणून विनापरवाना विकता येते. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या किराणा दुकानात कायद्याने गोळी पोहोचवली, पण ती कुणी घ्यावी हे सांगणारा माणूस पोहोचवला नाही. दुसरीकडे, ५१ देशांची २०२३ सालची पाहणी सांगते की हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ६५ टक्के लोक अ‍ॅस्पिरिन घेतात. भारत ज्या गटात मोडतो, त्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जेमतेम २४.५ टक्के. दिवसाला एक रुपयाही न लागणारी गोळी गरजूला मिळत नसेल, तर दोष गरिबीचा की व्यवस्थेचा?

पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या आधारे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी, अ‍ॅस्पिरिन आणि अहिराणीत समजावून सांगणारा कर्मचारी असावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लेखी लावून धरली पाहिजे. आणि आपल्या वस्तीत आजच विचारावे: ही गोळी तुम्हाला कुणी दिली, कशासाठी दिली, सोबत दुसरी कोणती घेता? उत्तर न देता आले, तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपर्यंत नेऊन पोहोचवावे.