टीईटी ऑनलाइन करा म्हणणाऱ्यांसाठी

"टीईटी ऑनलाइन करून टाका, सगळी घाण साफ होईल," असं सांगणारे तीन फोन या आठवड्यात आले. त्यातले एक आपल्याच तालुक्यातले संस्थाचालक. त्यांना विचारलं, साहेब, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षातले किती संगणक चालू आहेत? हसले आणि विषय बदलला.

पण विषय आता हसण्यावारी न्यायचा राहिलेला नाही. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. कालपर्यंत ही डीएड झालेल्या पोरांची परीक्षा होती. आता वीस-बावीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी त्याच पोरांच्या शेजारी बसणार. प्रश्न पोटाचा आहे. तेव्हा परीक्षा कागदावर की कॉम्प्युटरवर, हे पुण्यात बसून चार अधिकाऱ्यांनी ठरवायचं आणि आपण मान डोलवायची, हे चालणार नाही.

कागदाची अब्रू गेलीय, हे मान्य. 2021 मध्ये आरोग्य खात्याच्या भरतीचा पेपर फुटला. त्याच वर्षी म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, पोरं एसटीत बसलेली असताना. नोव्हेंबर 2025 च्या टीईटीच्या तोंडावर कागल तालुक्यात पोलिसांनी पेपर देतो म्हणणारी टोळी पकडली. चिडायला कारण आहेच.

पण 2019-20 च्या टीईटीचा घोटाळा आठवा. तिथं गडबड पेपर सुटल्यावर झाली, निकाल लावताना. परिषदेचा प्रमुखच अटकेत गेला, निकालाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा माणूस गेला, आणि सात हजार आठशेवर उमेदवारांवर कारवाई झाली. मला सांगा, कॉम्प्युटर असता तर हे कसं थांबलं असतं? कंत्राटदार तिथंही असतोच. उलट तिथं प्रश्न, उत्तरं आणि गुण सगळंच त्याच्या सर्व्हरवर. रिस्पॉन्स शीट मिळते म्हणाल. मिळते, पण ती देणारा तोच.

आता ऑनलाइनचं कौतुक. 2023 ची तलाठी भरती. 4,644 जागा, दहा लाखांवर अर्ज. एका वेळी तेवढे कॉम्प्युटर राज्यात कुठून आणणार? म्हणून 57 सत्रं घेतली. सर्व्हर बंद पडला, पोरं केंद्राबाहेर ताटकळली. पहिल्याच दिवशी नाशकात वॉकी-टॉकीवाला सापडला. निकालात 200 पैकी 214 गुण! का, तर प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून गुणांचं 'सामान्यीकरण'. सोपा पेपर आला त्याचे गुण कमी, अवघड आला त्याचे जास्त.

भरतीत हे एक वेळ समजून घेता येतं, तिथं लोकांना एकामागे एक उभं करायचं असतं. टीईटी रांग लावणारी परीक्षा नाही, ती पात्रतेची परीक्षा आहे. 150 पैकी 90, खुल्या गटासाठी. झाले की पास, नाही झाले तर नापास. ज्या गुरुजींनी 91 प्रश्न बरोबर सोडवले त्यांना सूत्र लावून 88 दिले, तर त्यांनी बायकोला काय सांगायचं? एकच रेघ असेल तर पेपरही सगळ्यांना एकच हवा. आणि चार लाखांवर उमेदवारांना एकाच दिवशी एकच पेपर द्यायचा तर तो कागदावरच देता येतो. कॉम्प्युटर नसतील, पण बाकं प्रत्येक गावात आहेत.

केंद्र सरकारच्या सीटीईटीचंच बघा. डिसेंबर 2021 ला ती ऑनलाइन केली, ऑगस्ट 2023 ला पुन्हा ओएमआरवर आणली. आपल्याकडं महापरीक्षा पोर्टलविरुद्ध मोर्चे निघाले होते, 2020 मध्ये ते बंद करावं लागलं. त्या मोर्चांच्या बातम्या मीच केल्यात. तेव्हा ऑनलाइनला शिव्या घालणारे काही जण आज ऑनलाइनचा झेंडा घेऊन फिरतायत.

आमच्या गल्लीतली एक मुलगी, तीन वर्षांची लेकरू असलेली, एका ऑनलाइन परीक्षेला गेली होती. तीन केंद्रं मागितली होती, मिळालं चौथंच, तिसऱ्या जिल्ह्यातलं. आदल्या दिवशी निघाली, रात्र स्टँडवर काढली, सोबत म्हातारा सासरा. पेपर दीड-दोन तासांचा. घरी यायला दुसरा दिवस उजाडला. फी वेगळी, तिकीट वेगळं. हा खर्च कुठल्याच जीआरमध्ये दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. टीईटी कागदावरच घ्या, एका दिवशी, एका वेळी, आणि केंद्र तालुक्याला द्या. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराच्या हातात राहू द्या. परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी, कंत्राटदाराच्या हाती जायच्या आधी, स्कॅन करून सीलबंद प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडं ठेवा. पेपरच्या गाडीला पोलीस द्या, जसे मतपेट्यांना द्यायचात. खर्च होईल. होऊ द्या, फी कशाची घेता मग?

सोमवारी आमदारांना निवेदन देणार आहे. ज्यांना ऑनलाइन परीक्षेला लांबचं केंद्र आलं होतं त्यांनी हॉल तिकिटाचा फोटो मला पाठवा, नाव-नंबर झाकून. शिक्षक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनीही या एकदा. बदल्यांच्या वेळी येता तसं.