इंजिन बघता, मग गिअरबॉक्सच्या तेलाचं काय?

ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरमालक इंजिनाचं ऑइल बदलतात, टायर बघतात, ट्रॉलीला रंगसुद्धा देतात. गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक काढून बघणारा मात्र विरळाच. मग भर हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की खापर फुटतं ड्रायव्हरच्या डोक्यावर. हे मला पटत नाही.

शेतकरी बंधूंनो, बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असतं. ते वंगण तर देतंच, शिवाय घर्षणाची उष्णता उचलून हाउसिंगच्या लोखंडाला देतं. तिथून ती हवेत जाते. काही ट्रॅक्टरांना रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलरही असतो. आता हाउसिंगवर चिखलाचा थर चढला, कूलरच्या जाळीत पाचट अडकलं, तर उष्णतेनं जायचं कुठं? तेल फार तापलं, की पुढं दर १० अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे.

बाकीची कारणंही साधीच आहेत. सील गळून तेल कमी होतं, गाळणी चोंदते, स्वस्त मिळालं म्हणून भलत्याच ग्रेडचं तेल ओतलं जातं. ट्रॉली क्षमतेपेक्षा जास्त भरायची आणि उतारावर ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे सगळी उष्णता तेलातच. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. लिफ्ट पूर्ण उचलल्यावर पंप कण्हत असेल, तर दांडा थोडा खाली घ्या. तेव्हा रिलीफ व्हॉल्व्हमधून दाबानं सुटणारं तेल तापत असतं.

तेल काळं पडून जळका वास आला, गरम झाल्यावर लिफ्ट मंदावली, तर थांबा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, असं समजा. ट्रॅक्टर सपाट जागी लावून पातळी बघा. पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे तेल आणि गाळणी बदला आणि तारीख वहीत लिहून ठेवा. कूलरची जाळी हलक्या हवेनं, आतून बाहेर साफ करा.

माझं तर म्हणणं आहे, वाहतुकीचा करार करताना साखर कारखान्यांनीच हंगामापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. तेलाचा डबा महाग वाटतो खरा. पण तोडलेला ऊस फडात वाळतोय आणि ट्रॅक्टर गॅरेजात उघडा पडलाय, हे त्याहून कितीतरी महाग.