बकरीदीआधी सुरी बघून ठेवा

बकरीद ऑगस्टमध्ये यायची त्या वर्षांत ईदची सुट्टी संपून शाळा भरली, की माझ्या वर्गात दोन-तीन मुलांच्या बोटांना पट्ट्या दिसायच्याच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, अम्मीला गोश्त कापू लागत होतो." सुरीला फार धार होती म्हणून कापलं, असं मुलांना वाटतं. बहुतेक वेळा कारण उलटं असतं. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती चरबीवरून घसरते आणि दुसऱ्या हातावर येते.

आपल्याकडे बोकड घेताना घरातले चार जाणते बाजारात जातात. दात बघतात, पाठ चाचपतात, पंधरा-वीस हजार मोजतात. सुरीची आठवण मात्र आदल्या रात्री होते. मग शेजारून मागून आणलेली, मूठ हलणारी सुरी बायकांच्या हाती येते आणि त्या दुपारपर्यंत तिच्याशी झुंजत बसतात. मनगटं सुजतात, पण ते कोणी मोजत नाही.

पहिली गोष्ट, एका सुरीवर सगळं भागवू नका. जबह करायची सुरी वेगळीच असते, ती कसाबभाई किंवा घरातले जाणते बघतात. त्यानंतरच्या कामाला तीन हत्यारं लागतात. हाडं तोडायला जड सत्तूर. (हा शब्द फारसीतल्या 'सातूर'वरून मराठीत आलेला आहे.) हाडावरून गोश्त सोडवायला पाच-सहा इंचांची अरुंद, टोकदार छुरी. आणि रानाच्या किंवा मोठ्याच्या सलग गोळ्यातून काप काढायला लांब, पातळ सुरी. घराघरांत कमी असते ती हीच तिसरी. मग पसंद्याचे काप सत्तुराने काढले जातात आणि ते एकीकडे जाड, एकीकडे फाटके निघतात.

ही तिसरी सुरी घेताना लांबी आधी बघा. गोश्ताचा गोळा जेवढा रुंद, त्यापेक्षा पातं चांगलं लांब हवं, म्हणजे एका ओढीत काप सुटतो. आखूड सुरी करवतीसारखी मागे-पुढे करावी लागते, त्यात गोश्ताचे धागे तुटतात आणि रस वाहून जातो. बोकडाच्या रानाला आठ इंच पुरतात. मोठ्याच्या जाड गोळ्याला दहा ते बारा. पात्याची पाठ साधारण दोन मिलिमीटर असावी. जाड पातं गोश्तात शिरताना पाचरीसारखं अडतं. सुरी डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत बघा, पातं वाकडं असेल तर लगेच कळतं. मुठीत पात्याचं लोखंड शेवटपर्यंत गेलेलं आणि रिव्हेट पक्के असावेत. मूठ आणि पातं यांच्यामध्ये फट असेल तर ती सुरी ठेवून द्या, कारण त्या फटीत चरबी आणि रक्त साचतं आणि धुऊनही वास जात नाही. "कधीच धार लावावी लागत नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या दातेरी सुऱ्या पावाला ठीक आहेत, कच्च्या गोश्ताला नाहीत.

लोखंडाचं काय? आपल्या आठवडी बाजारांत घिसाडी कारागीर बसतात. ट्रकच्या जुन्या पाट्याला भट्टीत घालून, ठोकून ते सुरी घडवतात. पाट्याचं पोलाद चांगलं असतं, धार लवकर चढते आणि टिकते. पण ते गंजतं आणि या सुऱ्या बहुधा जाड असतात. घ्यायचीच असेल तर समोर बसून पातळ करून घ्या, कारागीर करून देतो. दुकानातल्या स्टीलच्या सुरीला गंज कमी, पण अगदी स्वस्त स्टील मऊ असतं आणि दोन किलो गोश्तातच बसतं. मला विचाराल तर काप काढायला मध्यम किमतीची स्टीलची सुरी आणि सत्तूर मात्र घिसाड्याकडचा.

धारेबद्दल जास्त सांगायला हवं, कारण चांगली सुरी खराब होते ती इथेच. ईदच्या चार दिवस आधी चौकाचौकांत विजेचे ग्राइंडर लागतात. गर्दी असते, ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत सुरी हातात. ती घरी नेऊन धारेजवळ नीट बघा. निळसर डाग दिसले तर समजा, तिथलं पाणी उतरलं. पोलाद तापवून विझवताना त्याला जो कडकपणा येतो, तो पुन्हा जास्त तापलं की जातो. अशी धार पहिल्या तासात चमकते आणि मग वळते. म्हणून सुरी देताना सांगा, हळू फिरव, मध्ये-मध्ये पाण्यात बुडव. नाही ऐकलं तर दुसरीकडे जा.

खरं तर घरीच धार लावावी. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत असा दगड मिळतो. तो ओला करायचा, खाली फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. सुरीची पाठ दगडापासून बोटाच्या जाडीइतकी उचलून तोच कोन ठेवत घासायचं. पलीकडच्या बाजूला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. शेवटी गुळगुळीत बाजूवर हलके हात. काम चालू असताना धार सरळ करायला खाटकांकडे असते तशी गोल लोखंडी दांडी पुरते.

हे सगळं ईदच्या आधीच व्हावं. सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस आहे. प्रत्येक कामात एहसान, म्हणजे ते उत्तम रीतीने करणं, ठरवून दिलेलं आहे आणि जबह करणाऱ्याने सुरीला धार लावून जनावराला आराम द्यावा, असा तिचा आशय. जनावराच्या डोळ्यांदेखत धार लावू नये, हेही हदीसमध्ये आलं आहे. अंगणात बोकड बांधलेला आणि शेजारी दगडावर सुरी घासणं चालू, हे चित्र आपल्या गल्ल्यांत अजून दिसतं. ते बंद व्हायला हवं.

२०२५ मध्ये बकरीद ७ जूनला होती. चांद्र वर्षामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे पुढची काही वर्षं ऐन मे महिन्यात. परभणीत तेव्हा पारा ४२-४३ च्या पुढे असतो. त्या उन्हात गोश्त तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर राहू नये. कापण्यात वेळ गेला तर फटका बसतो तो गरिबांच्या हिश्शाला, कारण तो घरोघरी पोहोचायला सगळ्यात उशीर होतो. काम दोन टप्प्यांत करा. आधी छुरीने हाडं वेगळी करून मोठे गोळे काढा, वाटायचं वजन करून लगेच रवाना करा. मोठ्या जनावरात सात हिस्से असतील तर ते अंदाजाने नव्हे, तराजूनेच झाले पाहिजेत. घरचे गोळे तेवढा वेळ फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. थोडे घट्ट झाले की लांब सुरीने कागदासारखे काप निघतात. पसंद्याला धाग्याच्या आडवा काप घ्यायचा, म्हणजे शिजल्यावर चावत नाही. उन्हात वाळवायच्या पट्ट्या मात्र धाग्याच्या दिशेने काढा, दोरीवर टांगल्यावर त्या तुटत नाहीत. ज्यांचा हात विळीवर बसलाय त्यांनी बोट्या विळीवरच कराव्यात.

मुलांना सुरी आणायला किंवा धार लावायला पाठवू नका. मोठ्यांनीही उघडी सुरी हातात किंवा मोटारसायकलला अडकवून फिरू नये. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली सुरी त्यातून वगळली आहे. पण सणासुदीच्या बंदोबस्तात रस्त्यावर हे समजावत उभं राहण्यापेक्षा सुरी जाड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवावी आणि दुकानाची पावती सोबत असावी.

ईद झाल्यावर सुरी भांड्यांच्या ढिगात टाकू नका. कोमट पाणी आणि साबणाने धुवा, लगेच कोरडी पुसा. घिसाड्याकडची असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, कापडात गुंडाळा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. वर्षभर भाजीला ती वापरायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.